ताट समोर झकास, फोटोत मळकट: कोकणी जेवणाच्या फोटोतला नेहमीचा बिघाड

होमस्टे असो, खानावळ असो की घरगुती मोदकांच्या ऑर्डरी, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत तक्रार एकच ऐकू येते. ताट समोर आलं की भूक लागते आणि फोटोत तेच ताट शिळं दिसतं. मग नवा मोबाइल घेतला जातो, नाहीतर वरून आणखी कोथिंबीर भुरभुरली जाते. फरक पडत नाही, कारण बिघाड बहुतेक वेळा मोबाइलमध्येही नसतो आणि स्वयंपाकातही नसतो. तो ताटावर पडणाऱ्या उजेडात असतो, किंवा पदार्थ उतरवल्यापासून बटण दाबेपर्यंत जो वेळ जातो त्यात असतो.

लक्षणं

- सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा, खिडकीच्या बाजूला उजेडाचे फराटे.
- भात पिवळट, निळसर किंवा हिरवट. कधी ताटाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी.
- फोटोत आडवे काळसर पट्टे.
- भात करड्या रंगाचा, किंवा उलट, इतका पांढरा की शितं वेगळी दिसतच नाहीत.
- स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट, छत आणि फोटो काढणाऱ्याचा हात.
- रश्शावर तेलाचा तवंग किंवा सुरकुतलेली साय, तुकडी तळाशी बुडालेली.
- सोलकढी जांभळट, पाणी आणि दाट थर वेगवेगळे.
- मोबाइलवर फोटो छान, पण समोरच्याला पाठवला की धुरकट.

कुठलीही दुरुस्ती करण्याआधी एक चाचणी करा. ताटाच्या शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा. फोटोत कागदही मळका किंवा रंगीत दिसला तर दोष भिंगात किंवा उजेडात आहे, पदार्थाला हात लावू नका. कागद स्वच्छ पांढरा आणि ताट मात्र मरगळलेलं दिसलं, तर दोष ताटात आहे आणि सेटिंगशी खेळून उपयोग नाही. ही चाचणी न केल्यामुळेच लोक उजेडाचा दोष गार्निशने झाकायला जातात.

भिंग पुसा

किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर खारं येतं, स्वयंपाकघरात फोडणीची वाफ असते आणि मोबाइल हाताळणारे हात तेलकट असतात. तिन्ही मिळून भिंगावर चिकट पापुद्रा बसतो आणि दुधाळ पडदा त्याचाच असतो. कोरडं पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी फुंकर मारा, मग चष्म्याच्या फडक्याचं टोक किंचित ओलं करून पुसा आणि शेवटी कोरड्या भागाने. खांद्यावरचा पंचा किंवा साडीचा पदर नको. त्यात तेल असतं, ते पसरतं.

एसीच्या खोलीतून मोबाइल थेट पडवीत आणला तर थंड काचेवर लगेच दव धरतं. पुसलं तरी पुन्हा धरतं. मोबाइल पिशवीतच ठेवून १५-२० मिनिटं थांबा, काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाली की दव आपोआप जातं. मोदकपात्राचं झाकण उघडताना मोबाइल जवळ धरला तरी हेच होतं. हातभर लांब राहा आणि दुप्पट झूम वापरा.

पाठवण्याची रीत तपासा

फोटो तुमच्या मोबाइलवर चांगला आणि दुसरीकडे खराब दिसत असेल तर पुढचं काहीच करायला नको. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. मेन्यू छापणाऱ्याला किंवा बुकिंगच्या साइटवर टाकणाऱ्याला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ईमेलने.

मोबाइलच्या सेटिंग

‘फूड’ नावाचा मोड बंद ठेवा. तो लाल आणि पिवळा रंग वाढवतो. इतर जेवणाला ते चालून जातं, पण मालवणी रस्सा मुळातच लाल असतो. तो वाढला की वाटणाचा पोत जातो आणि नुसता लाल डाग उरतो. ब्यूटी आणि पोर्ट्रेटही नको. पोर्ट्रेट मोडला वाटीची कड आणि पार्श्वभूमी यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे अर्धी वाटी धूसर होते. अतिरुंद (अल्ट्रावाइड) भिंगही टाळा, त्याने कडेच्या वाट्या लांबुळक्या होतात. मुख्य भिंग किंवा दुप्पट झूम, बस्स.

ज्या पदार्थासाठी फोटो आहे त्याच्या पुढच्या कडेवर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड तिथे पक्के होतात. नाहीतर मोबाइल मागचा चकचकीत पेला पकडतो आणि पुढची सुरमई धूसर राहते.

भात करडा किंवा भडक पांढरा होण्याचं कारण कॅमेऱ्याच्या अंदाजात आहे. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं असणार असं तो धरून चालतो. पांढऱ्या थाळीत पांढरा भात किंवा घावन असलं की तो चित्र गडद करतो. गर्द हिरव्या केळीच्या पानावर मोदक असले की तो उजळवतो आणि मोदकाच्या पाकळ्या उडतात, म्हणजे नुसता पांढरा गोळा दिसतो. म्हणून पांढऱ्यावर पांढरं असेल तर उजेडाची (एक्स्पोजरची) पट्टी थोडी वर सरकवा, +०.३ ते +०.७. पानावर पांढरं असेल तर तितकीच खाली. शंका असेल तर गडद फोटो घ्या. गडद फोटो नंतर उजळवता येतो, उडालेली पाकळी परत आणता येत नाही.

उजेड

एवढं करूनही कागद रंगीत दिसत असेल तर खरा आजार इथे आहे.

पहिली गोष्ट फुकट आहे. खोलीतले सगळे दिवे बंद करा. खिडकीतला उजेड निळसर असतो, साधा पिवळा बल्ब पिवळा, आणि स्वस्त एलईडीत बऱ्याचदा हिरवट झाक असते. संपूर्ण चित्रावर एकच रंग चढला असेल तर तो मोबाइल किंवा कुठलंही ॲप काढून देतं. ताटाच्या डावीकडे एक रंग आणि उजवीकडे दुसरा असेल तर ॲप हरतं, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. आडवे पट्टेही दिव्यांचेच असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. रात्री दिव्यावरच फोटो काढणं भाग असेल तर ‘प्रो’ मोडमध्ये शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, मोबाइल कशाला तरी टेकवा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. दिवा एकाच प्रकारचा ठेवा.

दुसरी गोष्ट कोकणातली खास आणि सहज नजरेतून सुटणारी. दिवे बंद आहेत, दिवस आहे, तरी भात हिरवा किंवा निळा. अशा वेळी वर आणि आजूबाजूला बघा. पावसाळ्यात पडवीला लावलेली निळी ताडपत्री संपूर्ण ताटावर निळा रंग टाकते, आणि निळ्या उजेडात माशाचा रस्सा तपकिरी होतो. हिरवी शेडनेट आणि खिडकीला लागून असलेली पोफळीची वाडी भाताला हिरवट करतात. जांभ्याची न गिलावलेली भिंत तांबूस उजेड परत फेकते. ती वड्यांना आणि भाकरीला शोभते, सोलकढीची मात्र वाट लावते. डोळ्यांना यातलं काही जाणवत नाही कारण डोळे सवयीने जुळवून घेतात. म्हणूनच तो पांढरा कागद. ताट दुसऱ्या खिडकीशी हलवणं हा उपाय सगळ्यांत स्वस्त. हलवणं शक्य नसेल तर रंगीत बाजू पांढऱ्या चादरीने झाका.

काचेच्या कौलातून पडणारा उजेडाचा झोत सुंदर दिसतो, पण फोटोत भातावर पांढरा डाग आणि बाकी सगळा अंधार येतो. त्या झोताबाहेर सरका.

चांगली जागा म्हणजे एक खिडकी, थेट ऊन नाही, आणि ताट खिडकीपासून दोन-तीन फुटांवर. ऊन येत असेल तर खिडकीला जुन्या धोतराचा एकच पदर लावा. उजेड ताटाच्या मागून-डावीकडून किंवा सरळ बाजूने यायला हवा. समोरून आलेला उजेड, म्हणजे मोबाइलचा फ्लॅश धरून, वड्याचा फुगा आणि रव्याचा खरखरीतपणा सपाट करतो. विरुद्ध बाजूला फूटभर अंतरावर पांढरा कार्डशीट उभा केला की गडद सावली हलकी होते.

पडवीत उलटा प्रश्न असतो. तिथे तीन बाजूंनी उजेड येतो आणि सावलीच पडत नाही, ताट चिकटवल्यासारखं दिसतं. एका बाजूला घोंगडी किंवा काळा कार्डशीट लावून तो उजेड अडवा. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याला तर हे लागतंच. गडद रश्शात वाटाणे सुटे दिसायला मागून येणारी चमक आणि बाजूचा अंधार दोन्ही हवेत.

वेळ सांगायची तर ऑक्टोबर ते मे साधारण ८:३० ते १०:३० आणि दुपारी ३:३० ते ५. पावसाळ्यात ११ ते ३, आणि ढगाळ आकाशाचा तो मऊ उजेड वर्षातला सगळ्यांत चांगला. त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्यामुळे सुरमई-पापलेटाचे फोटो ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरका. पावसाळा मोदक, घावन, अळू आणि खाडीच्या मासळीसाठी ठेवा. बर्फातल्या जुन्या पापलेटाला कुठलाही उजेड ताजं करत नाही.

चमक आणि प्रतिबिंब

स्टीलचं ताट समोर जे असेल ते दाखवणारच. फोटो काढणाऱ्याने गडद, साधा कपडा घालावा. ताट किंवा मोबाइल थोडा थोडा फिरवत ट्यूब आणि छत बाहेर जाईपर्यंत सरका. तरी उरलं तर ज्या बाजूचं प्रतिबिंब दिसतंय तिथे पांढरा कार्डशीट धरा, म्हणजे ताटात छपराऐवजी सलग पांढरा भाग दिसेल. पोलरायझर फिल्टर स्टीलसाठी विकत घेऊ नका. तो पाणी, तेल आणि केळीच्या पानावरची चमक कमी करतो, उघड्या धातूवरची करत नाही.

केळीचं पान निखाऱ्यावर किंवा गॅसवर उंचावरून क्षणभर फिरवलं की लवचिक होतं आणि फाटत नाही. दोन्हीकडून ओल्या फडक्याने पुसा. तेल लावू नका, चमक आणखी वाढते. पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला, मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मध्ये भाताची मूद. हे उलटं झालं तर फोटो कितीही चांगला असला तरी बघणारे आधी तेच बोलतील. समोरासमोर काढलेला सेल्फी-कॅमेऱ्याचा फोटो कधी कधी आरशासारखा उलटा जतन होतो, तेही बघा.

ताट कमी करा

मोठी चूक भरगच्चपणाची. थाळीत ११ पदार्थ असतील तर फोटोत ११ दिसलेच पाहिजेत असं नाही. फोटोचा एक नायक ठरवा, तळलेली तुकडी, वडे किंवा मोदक. बाकीच्यांना कडेला अर्धवट दिसू द्या. वाट्या काठोकाठ भरू नका, काठाखाली बोटभर जागा सोडा. काठ भरला की ओघळ येतो, आणि फोटोत ओघळ म्हणजे घाण.

काठावरचा हळदीचा डाग पाण्याने निघत नाही, कारण हळदीचा रंग तेलात विरघळतो. कापसाच्या काडीला तेलाचा एक थेंब लावून डाग उचला, मग व्हिनेगरच्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या काडीने तेलकटपणा काढा. दोन काड्या, अर्धं मिनिट. स्वच्छ दिसणाऱ्या फोटोतलं निम्मं श्रेय याचंच असतं.

खाली चौकड्यांचं प्लास्टिक, फुलाफुलांचा टेबलक्लॉथ नको. कोबा, पाट, जुनं लाकूड किंवा एकरंगी सुती कापड पुरे. शंख-शिंपले, नारळाच्या करवंट्या, होडीची प्रतिकृती हे सगळं काढा. रत्नागिरीचं ताट आहे हे आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, रंगावरून कळतं.

थाळी सरळ वरून घ्या आणि मोबाइल ताटाला समांतर धरा, पडद्यावरच्या रेघा चालू केल्या की तिरकेपणा कळतो. एक वाटी असेल तर ४५ अंशांवरून. वडे, घावनाची चवड आणि सोलकढीचा पेला जवळजवळ टेबलाच्या पातळीवरून, उंची दिसली पाहिजे.

पदार्थ आणि घड्याळ

इथपर्यंत सगळं ठीक असून ताट मरगळलेलं दिसत असेल, तर वेळ चुकतेय. सगळं आधी वाढून मग फोटो काढायला घेतला की १५ मिनिटांत चार पदार्थ मेलेले असतात.

आधी रिकामी भांडी मांडा. वाटीत रश्शाऐवजी पाणी, तुकडीऐवजी बटाटा ठेवून कोन, उजेड आणि सेटिंग पक्की करा. सगळं जुळलं की मगच कढई चढवा. पंखा बंद ठेवा.

रस्सा. वाटण खाली बसतं, तेल वर येतं, आणि निवताना वरचं पाणी उडून साय धरते. वाढण्याआधी ढवळा. वरचा तवंग टिश्यूच्या टोकाने टिपा, पण सगळा नको, थोडी तर्री हवीच. तुकडी बुडत असेल तर वाटीच्या तळाशी छोटी वाटी पालथी घाला आणि तिच्यावर तुकडी ठेवा, वरचा एक तृतीयांश भाग बाहेर दिसेल. साय धरली तर चमचाभर गरम रस्सा वरून सोडा. पाणी घालू नका, रंग फिका पडतो आणि वाटण फुटल्यासारखं दिसतं.

तळलेली तुकडी. रव्याचा कुरकुरीतपणा दमट हवेत मिनिटांत मऊ होतो. कढईतून काढून कागदावर टाकली की खालची वाफ कोंडते आणि तीच बाजू आधी ओली होते, म्हणून लोखंडी जाळीवर काढा. पाच मिनिटांच्या आत फोटो. रव्यात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ घातलं तर थोडा जास्त वेळ मिळतो. कोंबडी-वड्यांचंही तसंच, फुगलेला वडा निवताना बसतो. तो सगळ्यांत शेवटी तळा.

सोलकढी. हिचे दोन वेगळे आजार आहेत, गोंधळ करू नका. आमसुलाचा रंग आंबटपणावर अवलंबून असतो. आंबट असेल तोवर लालसर-गुलाबी, आंबटपणा कमी झाला की जांभळट. नारळाचं दूध फारसं आंबट नसतं, त्यामुळे आगळ कमी पडला की रंग मळतो. वाटीभर दुधाला एक ते दोन मोठे चमचे आगळ, आणि आगळात मीठ असतं म्हणून वरून मीठ जपून. दुसरा आजार थर सुटण्याचा. आंबटामुळे दुधाचे कण एकमेकांना धरतात आणि खाली-वर थर होतात. म्हणून आगळ फोटोच्या दोन-तीन मिनिटं आधी घाला, ढवळा, बारीक गाळणीतून पेल्यात ओता. फेस आला तर चमच्याच्या पाठीने कडेला ओढून उचला. ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका. आणि थंडगार नको. इथल्या हवेत थंड पेल्यावर लगेच घाम येतो आणि आतला रंगच दिसत नाही. फोटोपुरती साध्या तापमानाची, पिण्यापुरती थंड.

मोदक. पंख्याच्या वाऱ्याने उकड कोरडी पडून पाकळ्यांना चिरा जातात. उकडण्याआधी मोदक पाण्यात बुडवलेल्या बोटाने ओलसर करा. बाहेर काढल्यावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग पातळ तुपाचा हात ब्रशने. तुपाची धार सोडायची तर ती फोटो काढतानाच सोडा. आधी सोडलेली धार पानावर पसरून पिवळं तळं होतं.

भात मोकळा करा, वरची कोरडी शितं काढा. कोथिंबीर दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवून झटका आणि शेवटच्या क्षणी चार पानं, मूठभर नव्हे.

ग्लिसरीनचे थेंब, रंग, साबणाचा फेस असल्या युक्त्या जाहिरातींच्या दुनियेतल्या आहेत. खानावळीला त्या लागत नाहीत, आणि ते ताट नंतर कुणाला खायला देता येत नाही. फोटोत जितकी तुकडी दिसते तितकीच गिऱ्हाइकाच्या ताटात पडली पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१८चे जाहिरातीविषयक नियम दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला मनाई करतात.

कुठे थांबायचं

भिंग पुसलं, दव गेलं, तरी दुधाळ पडदा तसाच असेल तर टॉर्चच्या उजेडात भिंग तिरकं धरून बघा. आत धुकं किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर पाणी शिरलंय किंवा बुरशी लागलीय. सुई, हेअर ड्रायर, तांदळाचा डबा, काही करू नका. मोबाइल असेल तर सर्व्हिस सेंटर, कॅमेऱ्याचं भिंग असेल तर भिंग दुरुस्त करणारा कारागीर. बुरशी लवकर साफ झाली तर भिंग वाचतं, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाल्ला जातो. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवा किंवा बदला.

छापील मेन्यू करायचा असेल तर फोटो मोजून बघा. ए-४ पानभर चांगल्या छपाईला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. छपाईच्या शाईत पानाचा गर्द हिरवा आणि सोलकढीचा गुलाबी पडद्यावर दिसतो तसा उतरत नाही, मळतोच. हे मोबाइलवर सुधारत बसू नका. छापखान्याकडून आधी एक नमुना प्रत मागा आणि रंग तिथल्या माणसाकडून जुळवून घ्या.

३०-४० पदार्थांचा मेन्यू एकाच पद्धतीने, एकाच उजेडात हवा असेल, खोलीला खिडकीच नसेल, किंवा रस्त्यावरच्या मोठ्या फलकासाठी एकच फोटो लागणार असेल, तर जेवणाचे फोटो काढणारा व्यावसायिक बोलवा. त्याला बोलावताना भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदार्थ मांडणारा माणूस तो सोबत आणतो का, दिवसात किती पदार्थ होतील, आणि फोटो छपाईसाठी वापरायची परवानगी त्याच पैशांत आहे का. स्वयंपाकघरात त्या दिवशी गिऱ्हाईक घेऊ नका. एकाच शेगडीवर जेवणावळ आणि फोटो दोन्ही चालले की तुकडी जाळीवर वाट बघत मऊ पडते.